चारशे पाच नंबरचं पीठ

पुसदहून परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसाची काळजी नंतर लागते, आधी वजनाची लागते. एका बॅगेत २३ किलो, हा विमान कंपन्यांचा नियम आमच्या गल्लीला मान्य नाही. गल्लीच्या मते विमान म्हणजे पुण्याची ट्रॅव्हल्स: सामान डिक्कीत ढकलायचं, क्लीनरला दोन शब्द सुनवायचे, झालं. आम्ही दोघं लेकीकडे स्टुटगार्टला निघालो ही बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत समोरच्या वहिनी म्युनिकच्या भाच्यासाठी जवसाची चटणी घेऊन हजर. मागच्या गल्लीतल्या काकूंनी बर्लिनच्या नातवासाठी धापोडे आणले. "जर्मनीतच तर चालल्या ना? देऊन द्याल." स्टुटगार्टपासून बर्लिन जवळपास पुसद-मुंबईइतकं लांब पडतं, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? जावई रात्रीच्या गाडीनं जाऊन येतीन!"

बॅगेचं वजन करायला ह्यांनी ओळखीच्या अडत्याचं दुकान गाठलं. सोयाबीनच्या पोत्यांच्या रांगेत आमची जांभळी बॅग काट्यावर चढली. मापाऱ्याने सवयीने विचारलं, "ओलावा किती धरायचा?" आत लोणच्याची बरणी होती, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

मग लेकीने फोनवर युरोपचे नियम वाचून दाखवले. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाने दूध आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. म्हणजे घरचं तूप गेलं, पेढे गेले. फळं-भाज्या आणायच्या तर त्यांना रोगराई नसल्याचा सरकारी दाखला हवा. हे १४ डिसेंबर २०१९ पासून. बिनदाखल्याची फळं फक्त पाच: केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन. डुरियन आमच्या खानदानात कोणी पाहिलेलं नाही, तेव्हा चारच धरा. नारळ चालतो म्हटल्यावर मी खूश झाले, तर सुक्या खोबऱ्याला आपल्याच विमानतळावर मनाई. त्यात तेल असतं, पेट घेईल म्हणे. युरोपला नारळाचं वावडं नाही, पण तो वाळला की भारतच त्याला दारातून परत पाठवतो. शेवटी खोबरं भाजून, कांद्या-मसाल्यात वाटून, काळ्या मसाल्याच्या वेशात नेलं. त्या वेशात त्याला कोणी हटकलं नाही.

पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५, आणि १९९१ साली सुधाकरराव. पण वर्धा-नांदेड रेल्वे पुसदवरून जाणार जाणार म्हणता आमचे केस पांढरे झाले. १९८३ साली गावात बाबासाहेब नाईकांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेव्हापासून पोरांनी रेल्वेची वाट पाहणं सोडून दिलं आणि परस्पर विमानं धरली. त्यातली काही स्टुटगार्टला निघाली, कारण ते मोटारींचं गाव. मर्सिडीज तिथली, पोर्शे तिथली, बॉशही तिथलीच. आमचे जावई मोटारीच्या आतलं काहीतरी करतात. बाहेरून दिसत नाही, म्हणून ह्यांना ते काम वाटत नाही.

ह्यांची पंचायत समितीत तीस वर्षं नोकरी झाली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला कागदाचा आधार लागतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि तेव्हा मुख्यमंत्रिपदावर आमचे नाईकसाहेब होते, एवढ्या भांडवलावर ह्यांनी पुसद-स्टुटगार्ट सोयरीक जुळवून टाकली. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. मग तर विचारूच नका. विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ह्यांनी हे समजावून सांगितलं. तो झोपला होता.

लेकीच्या घरी पाय टाकल्यावर मी सवयीने आधी स्वयंपाकघर पाहिलं. छान होतं. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं जिथल्या तिथे. "घरमालकाने चांगलं करून दिलंय गं," मी म्हटलं. तर ती हसायलाच लागली. घर ताब्यात मिळालं तेव्हा तिथे चार भिंती आणि एका भिंतीतून डोकावणारा नळाचा पाइप एवढंच होतं. आधीचा भाडेकरू ओटा घेऊन गेला होता. ओटा, बेसिन, कपाटं, छताचे दिवे, सगळं. तिथे बऱ्याच ठिकाणी ही रीतच आहे. स्वयंपाकघर भाडेकरूचं, घर मालकाचं. आमच्या पुसदला भाडेकरू जाताना गॅसची टाकी आणि तुळशीची कुंडी नेतो. एकाने बल्ब काढून नेले होते, तर घरमालकीणबाईंनी त्याचा सात पिढ्यांचा उद्धार केला. ओटा नेणारा तिथे सुटला कसा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरीने मग आपला ओटा विकत घेतला, जावयाने पुस्तिका पाहून जोडला. उद्या घर बदललं तर तोही संगे निघेल.

आता पीठ. दुकानात पिठाच्या पुड्या ओळीने लावलेल्या आणि प्रत्येकीवर आकडा. ४०५, ५५०, १०५०. मला वाटलं भाव असेल. ह्यांना वाटलं गहू कोणत्या वाणाचा ते असेल, आपल्या लोकवनसारखं. जावयाने सांगितलं ते ऐकून आम्ही दोघं पिठाच्या रॅकसमोर उभेच राहिलो. शंभर ग्रॅम पीठ घ्यायचं आणि जाळायचं. मागे जी राख उरेल ती मिलिग्रॅममध्ये मोजायची. तो त्या पिठाचा नंबर. ४०५ म्हणजे ४०५ मिलिग्रॅम राख, म्हणजे कोंडा जवळजवळ नाहीच, म्हणजे आपला मैदाच. कोंडा वाढला की राख वाढते, राख वाढली की नंबर वाढतो. शास्त्र बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण पोळी कशी होईल ते पाहायला पीठ जाळून बघणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले. रात्री आमच्या चक्कीवाल्याला फोन करून सांगितलं, कारण अशी बातमी पोटात ठेवता येत नाही. तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं पीठ जळालं तर गिऱ्हाईक डबा आणून आदळते. तिथं नंबर देऊन राहिले काय?"

ज्वारीच्या पिठाला नंबर नव्हता. ते भारतीय दुकानातून आलं होतं, आणि दळणाची तारीख पाहिली तर त्या पिठाचा वाढदिवस जवळ आला होता. ज्वारीत गव्हासारखा ताणला जाणारा चिवटपणा नसतो. भाकरी थापली जाते ती ताज्या दळणाच्या आणि कढत पाण्याच्या जोरावर. शिळ्या पिठाची भाकरी तळहाताएवढी होईपर्यंत ऐकते, मग कडेने भेगाळते. लेक तर म्हणे चक्क लाटते, प्लॅस्टिकचा कागद ठेवून. मी उकड काढली. पाणी उकळून त्यात मीठ टाकलं, पीठ घातलं, झाकण ठेवून जरा दम दिला आणि गरम आहे तोवर तळव्याच्या टाचेने रगडलं. परातीत थापताना भाकरी फिरायला लागली तेव्हा ह्यांनी लांबूनच शाबासकी दिली. तसं पाहिलं तर आमच्या पिढीला भाकरीला नावं ठेवायचा अधिकार नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती, तिच्या भाकरी आम्ही मुकाट्याने गिळल्या. नाईकसाहेबांच्याच काळात हायब्रीड ज्वारी शेताशेतात आली. हायब्रीड खाल्लेला माणूस जगात कुठेही उपाशी राहत नाही.

भाकरी थापली, पण भाजायची कशावर? तिथली शेगडी म्हणजे काळी गुळगुळीत काच. विस्तव नाही, जाळ नाही. काचेखाली एक तांबडं वर्तुळ पेटतं आणि आपल्या मर्जीने विझतं. आपण तवा ठेवून वाट बघायची, ते पुन्हा कधी लालेलाल होईल याची. तव्यावरची भाकरी उचलून जाळावर टाकायची तर जाळच नाही. फडक्याच्या बोळ्याने तव्यातच दाबत राहिले, तेव्हा एका कडेने जरा पोट वर आलं. लेकीने तेवढ्यात फोटो काढला, खाली बसायच्या आत.

ठेच्याने मात्र घोटाळा केला. म्हणजे ठेच्याचा दोष नाही, कायद्याचा आहे. स्टुटगार्टच्या त्या राज्यात घरात धुराची घंटा लावणं सक्तीचं आहे. जुन्या घरांना २०१४ अखेरपर्यंत मुदत दिली होती. ती घंटा लावायची झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर, म्हणजे बोळात. स्वयंपाकघरात सक्ती नाही. कायदा करणाऱ्याला फोडणीची जाण असावी असं मला आधी वाटलं. पण धूर काही कायदा वाचून वाट धरत नाही. मी लोखंडी तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकला, मिरच्यांच्या अंगावर काळे डाग पडायला लागले, ठसका उठला, आणि बोळातल्या त्या पांढऱ्या चकतीने असा काही आक्रोश मांडला की हे पायात चप्पल नसताना जिन्यापर्यंत पोहोचले. लेक खुर्चीवर चढून टॉवेल फडकावत होती. पुसदला ठेच्याचा ठसका उठला की शेजारची शिंकते आणि भिंतीपलीकडून विचारते, "ठेचा करून राहिल्या काय वहिनी? मी भाकरी टाकते, तुम्ही ठेचा पाठवा." इथेही शेजारीण आली. खालच्या मजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या घरातल्या, लोकरीच्या सपाता घालून, डोळे पुसत. त्यांनी विचारलं, आग कुठे आहे. आग नाही, जेवण आहे, असं लेकीने सांगितलं. आजींनी तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडक्या उघडण्याची योग्य पद्धत करून दाखवली. नुसती फट ठेवायची नाही, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, थोडा वेळ वारा आरपार जाऊ द्यायचा आणि बंद करायच्या. दिवसातून दोन-तीनदा. कित्येक भाडेकरारांत हे लिहिलेलं असतं म्हणे. आमच्या पुसदच्या घराला खिडकी बंद करायची वेळ येते ती फक्त माकडं आली की.

एक गोष्ट तिथे फार सुखाची. चक्का आयता मिळतो. त्यांना त्याचं अप्रूप नाही, ते त्याला क्वार्क म्हणतात आणि उकडलेल्या बटाट्यासोबत खातात. अर्ध्या किलोचा डबा उघडला की घट्ट, पांढराशुभ्र, दाणा नाही. रात्रभर पंचात बांधून नळाला टांगणं नाही, मांजराची राखण नाही. जास्त स्निग्धांशाचा डबा घ्यायचा, साखर, वेलची, जायफळ, झालं श्रीखंड. तूपसुद्धा दुकानात मिळतं, पाव किलोच्या डब्यात. म्हणजे विमानतळावर आमच्याकडचं तूप अडवतात आणि गावात आपलं विकतात. ह्यांनी याला ताबडतोब आर्थिक धोरण म्हटलं.

खरेदी करायची ती शनिवारी संध्याकाळपर्यंत, कारण रविवारी दुकानं कायद्यानेच बंद. शनिवारी दुपारी तिथली माणसं अशी खरेदी करतात, जणू सोमवार उजाडायची खात्री नाही. ढकलगाडी साखळीने बांधलेली. खाचेत युरोचं नाणं घातल्याशिवाय सुटत नाही, आणि जागेवर नेऊन लावली की नाणं परत. पैसे घेणारी बाई यंत्रावरून वस्तू अशी सरकवते की पिशवीत भरायला आपल्याला दोन हात कमी पडतात. हे एकेक वस्तू न्याहाळून, वजन करून, वडीलधाऱ्या बेताने पिशवीत ठेवत होते. मागची रांग काही बोलली नाही. तिथे कोणी बोलत नाही, नुसतं पाहतात. पुसदला कोणीतरी "काका, आटपा" म्हटलं असतं आणि काकांनी त्याला ऐकवलं असतं, वेळही बरा गेला असता.

रविवारी आणखी एक पथ्य. आवाज करायचा नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, मिक्सरही जपूनच फिरवायचा. मी बरोबर छोटा लोखंडी खल नेला होता. मिक्सर नको तर नको, म्हणून मी दाण्याचा कूट खलात करायला घेतला, तर लेक पळत आली. "आई, तो मिक्सरपेक्षा मोठा आवाज करतो!" मग मी खल मांडीवर घेतला, खाली उशी ठेवली आणि शेंगदाणे एकेक करून शांततेत चेचले. भाकरी थापायची ती सोमवार ते शनिवार.

आणि कचरा. मी कचऱ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहू शकेन, पण ते खरं ह्यांनी लिहायला हवं. निवृत्तीनंतर ह्यांना पहिल्यांदाच मनासारखं खातं मिळालं. स्वयंपाकघराच्या दाराला वर्षाचं कचरा-कॅलेंडर लटकवलेलं असतं: कोणता डबा कोणत्या तारखेला रस्त्यावर न्यायचा. ह्यांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुजूच झाले. ओला कचरा एकीकडे, कागद दुसरीकडे, वेष्टनं तिसरीकडे, उरलेलं चौथीकडे. दह्याचा डबा टाकताना वरचं चंदेरी झाकण पुरतं वेगळं करायचं. काचेच्या बाटल्या घरच्या डब्यात नाहीतच. त्या चौकातल्या मोठ्या पेटाऱ्यांत, पांढरी वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी, आणि तेही रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. निळी बाटली कुठे? हिरव्यात. ह्यांनी या विषयावर जावयाला संध्याकाळभर बसवून ठेवलं. "जावईबापू, निळ्याला हिरव्यात टाकायचा आदेश कुठे आहे? लेखी दाखवा." जावयाने लेखी दाखवला. ह्यांचा त्या देशावरचा विश्वास त्या दिवसापासून बसला.

प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात द्यायची, ते ती फिरवून बघतं, पसंत पडली तर गिळतं आणि पावती देतं. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. आपल्याकडे भंगारवाला हेच करतो, फक्त तो यंत्रापेक्षा घासाघीस जास्त करतो. बागेत फिरताना ह्यांना कचरापेटीच्या बाजूला नीट उभी करून ठेवलेली एक बाटली दिसली. ह्यांचा हात शिवशिवला. लेकीने दंड धरला. "बाबा, ती गरजू माणसांसाठी ठेवलेली असते, त्यांना पेटीत हात घालायला लागू नये म्हणून." हे गप्प झाले. मग म्हणाले, "ही योजना चांगली आहे. हिला कुठला जीआर नाही?"

नव्हता. पण झाडूला होता! त्या भागात जिना आणि अंगण झाडायची पाळी असते, एकेका बिऱ्हाडाची एकेक आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. स्टुटगार्टमध्ये दर आठवड्याला आपापली घाण बाहेर नेण्याचा हुकूम १४९२ सालचा आहे. कोलंबस भारत शोधायला निघाला त्याच वर्षी स्टुटगार्टकर झाडू शोधत होते. नगरपालिकेने १९८८ साली आपली सक्ती काढून घेतली, पण भाडेकरारांत आणि शेजाऱ्यांच्या नजरेत ती शाबूत आहे. शनिवारी सकाळी आमच्या दारावर पाटी आली. लेक-जावई दोघंही दमलेले, म्हणून मी पदर खोचला आणि तीन मजल्यांचा जिना पुसदच्या पद्धतीने झाडला, वर पाण्याचा सडा मारून. सड्याची तरतूद १४९२ च्या हुकुमात नसावी. आजी दार उघडून पाहत राहिल्या. मग आत जाऊन कोरडं फडकं घेऊन आल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून जिना पुसला. बोलायला भाषा नव्हती, त्यामुळे काम लवकर उरकलं.

या सगळ्यात मी लेकीकडे बघत होते. ही पोरगी पुसदला असताना चक्कीचा रस्ता तिला ठाऊक नव्हता. दूध दारात यायचं, भाजीवाली ओट्यावर टेकायची आणि कोथिंबिरीची काडी वरून टाकायची, घंटागाडी गाणं लावून यायची, नळ कधी येतो हे शेजारीण ओरडून सांगायची. सिलिंडर लावून द्यायला कोणीतरी असायचं, फ्यूज गेला की समोरचा मुलगा असायचा. पुसदचं घर आम्ही चालवत नव्हतो. निम्मी गल्ली चालवत होती, आम्ही त्यात राहत होतो. इथे हमाल, पाणक्या, सुतार, भंगारवाला आणि घंटागाडी, सगळी खाती या दोघांकडेच, वर ऑफिस. तिच्या फ्रिजवर चिकटवलेली यादी मी पाहिली: काच टाकणे, दुरुस्तीवाल्याला मेल, कपड्यांची पाळी, मेथी पेरणे. मेथी ती कुंडीत लावते, तीन बोटं झाली की कापते. लहानपणी हिला मेथी निवडायला बसवली की अभ्यास आठवायचा.

बाथरूमचा नळ गळायला लागला, तेव्हा प्लंबरने तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची सकाळची सव्वादहाची वेळ दिली. त्या गुरुवारी सव्वादहाला दाराची घंटा वाजली. काम वीस मिनिटांचं, आणि बिलात त्याच्या जाण्यायेण्याचे पैसे वेगळे लावलेले. आमचा पुसदचा प्लंबर "निघालोच, पाच मिन्टात" म्हणतो तेव्हा तो दिग्रसला असतो. पण येतो तेव्हा चहा पितो, नळाबरोबर कुकरची शिटीही बघून देतो, आणि पैशांचं विचारलं तर "द्या काही" म्हणतो. जर्मन प्लंबरला चहा विचारला, तर त्याने घड्याळ पाहिलं. त्याच्यावर रागावताही येईना, कारण त्याने चूकच केली नव्हती. हे फार गैरसोयीचं असतं.

पाहुण्याच्या व्हिसावर सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. एप्रिल संपता संपता आलो होतो, त्यामुळे पुसदचे पंचेचाळीस अंश चुकले, पण वाळवणंही चुकली. बाल्कनीत मूठभर मूगवड्या घालून पाहिल्या. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो, पण एवढा वेळ आकाशात राहून करतो काय ते कळत नाही. वड्या तिसऱ्या दिवशीही ओल्याच. दिवेलागणीनंतर जेवायचं ही ह्यांची सवय, ते रोज खिडकीत बसून अंधाराची वाट बघायचे. शेवटी भुकेपुढे नियम हरला.

जिना पुसल्यापासून आजींचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं होतं. एकदा त्यांनी आम्हाला त्यांच्याकडचं जेवण दाखवायला बोलावलं. पातेल्यात मसूर शिजत होती. दुसरीकडे पिठाचं सैलसर मळण लाकडी पाटावर पसरून त्या सुरीने पट्टपट्ट त्याच्या कातरणी उकळत्या पाण्यात पाडत होत्या. हात इतका सराईत की बघत राहावं. कातरण पडायची, बुडायची, वर यायची, आणि त्या दुसऱ्या हाताने झाऱ्याने उचलायच्या. वरण आणि कणकेच्या फळांची जोडी! मी लेकीला कोपराने ढोसलं. "अगं, ही तर वरणफळं करून राहिली." आजींनी सांगितलं की हे त्यांच्या भागाचं, म्हणजे श्वाबियाचं जेवण आहे, गरिबाघरचं. तिथल्या डोंगराळ पठारावर आधी गावरान मसूर पिकायची, मग ती शेतातून गेली, बियाणंही हरवलं. २००६ साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहात तिचे दाणे सापडले आणि पुन्हा पेरा सुरू झाला. हे ऐकून ह्यांनी आमच्या हरवलेल्या गावरान ज्वारीची यादी काढली. लेक बिचारी भाषांतर करता करता दोन्हीकडून दमली.

परतफेड म्हणून निघायच्या आठवड्यात मी वरणफळं केली. तुरीचं वरण, लसणाची फोडणी, काळा मसाला, कणकेचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे, वर तूप. बोळातल्या घंटेवर लेकीने आधीच अंघोळीची टोपी चढवून ठेवली होती. आजी ठरल्या वेळेच्या बरोबर एक मिनिट आधी आल्या, हातात स्वतःची एक लहान बाटली. मला वाटलं दारू आहे. सिरका होता. मसुरीवर त्या नेहमी घालतात. त्यांनी आधी चव घेतली, मग विचार केला, मग माझ्या वरणफळावर चांगला चमचाभर सिरका ओतला. मी आपली लिंबाची फोड गुपचूप खाली ठेवली. त्यांनी वाडगा पुसून खाल्ला आणि लेकीकडे वळून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" ह्यांनी विचारलं.

"छान झालंय म्हणतात. फक्त सॉसेज राहिलं."

हे खुर्चीत सरसावून बसले. "त्यांना सांग, ते आमच्यात नसतं. सोबत ठेचा असता तर सॉसेज आठवलं नसतं. त्या दिवशी आपण खिडक्या उघडण्यातच गुंतलो, वाढायचा राहून गेला."

लेकीने सांगितलं. आजींनी पर्समधून डायरी काढली, चष्मा लावला, पानं उलटली आणि शुक्रवारी दुपारी बारा ही वेळ लिहून घेतली. घंटा त्याआधी काढून ठेवावी, असं त्यांनी सुचवलं.